तिवाठ्यावरचा उतारा

१

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोरिस भिकारी तिवाठ्यावर मेलेला सापडला, आणि लागिना गावात त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. वीस वर्षं तो देवीच्या ताटावर जगला होता. दर अवसेला घरोघरच्या बायका हेकातेसाठी ताट वाढून तिवाठ्यावरच्या तीन तोंडांच्या मूर्तीपुढे ठेवत आणि मागे वळून न बघता घरी परतत. त्यांची पाठ वळली की कोरिस आणि त्याच्यासारखे दोन-चार जीव पुढे होत. देवीचं खाल्लं, देवीनं नेलं, एवढं म्हणून लोक कामाला लागले. कामं ढीगभर होती. दुसऱ्या दिवशी देवळाची किल्ली शेजारच्या शहरात नेण्याची वार्षिक मिरवणूक निघायची होती.

देवळाचा खोजा आर्तिमास तिवाठ्यावर पोचला तेव्हा तिथे पुजारी ऊलियादेस, चार पहारेकरी आणि बघ्यांचा घोळका होता. कोरिस गुडघे पोटाशी घेऊन मूर्तीच्या पायथ्याशी पडला होता. त्याच्या उशाशी झाडपाला विकणारी आफिया बसली होती. तिनंच त्याला पहाटे पाहिलं, तिनंच स्वतःचा पदर फाडून त्याच्या तोंडावर टाकला, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. तिच्या पिशवीत मुळ्या होत्या. मूर्तीखालच्या फटीत पहारेकऱ्यांना शिशाचा एक पातळ पत्रा सापडला होता, दुमडलेला, मधून खिळा ठोकलेला. त्यावर टोकदार अक्षरांत कोरलं होतं: थिसोसचा मुलगा कोरिस हेकातेच्या हवाली केला आहे. त्याची जीभ बांधली, हात बांधले, पाय बांधले, पोट बांधलं.

करणी कुणी केली हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. गावात मुळ्या विकणारी बाई एकच होती.

ऊलियादेसनं निकाल तिथेच लावला. खुनाचा विटाळ लागलेल्या तिवाठ्यावरून किल्ली जाऊ शकत नाही. तेव्हा उद्या किल्ली देवळातून निघण्याआधी चेटकिणीला दगडाच्या खाणीत ढकलायचं, जागा धुवायची आणि पुढे जायचं. वाईट माणूस नव्हता तो. वर्षभराचं पुजारीपण अंगावर आलेलं, किल्ली हातात धरून चालायची ती त्याचीच बारा वर्षांची मुलगी, आणि सगळं शहर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहणार. त्याला फक्त हे लवकर मिटवायचं होतं.

आर्तिमास प्रेतापासून दहा पावलांवर उभा होता. प्रेताला शिवलेल्याला किल्लीजवळ जाता येत नसे, आणि गेली अठरा वर्षं मिरवणुकीत किल्लीची पेटी घेऊन मुलीच्या उजव्या हाताला तोच चालत आला होता. तिथूनच त्यानं पुजाऱ्याला एका दिवसाची मुदत मागितली.

"कशाला?" ऊलियादेसनं विचारलं.

"देवीनं आजवर ताट खाल्लं म्हणून कुणाला मारलं नाही, मालक. ते ताट गरिबांसाठीच असतं. मी तीस वर्षं तिच्या दारात आहे. आता तिच्या नावावर हे खपवायचं असेल तर निदान खरं तरी असावं."

पुजाऱ्यानं देवळाकडे पाहिलं, मग घोळक्याकडे. उद्या किल्ली बाहेर पडेपर्यंत, असं तो म्हणाला, त्यापुढे क्षणभरही नाही.

पहारेकरी आफियाला उठवू लागले तेव्हा आर्तिमासच्या लक्षात आलं, की मेलेल्याचा डावा हात सैल पडला होता आणि उजव्याची मूठ मात्र गच्च आवळलेली होती.

२

आफिया आधीच विटाळलेली होती, म्हणून मूठ तिनंच उघडली. एकेक बोट सोडवावं लागलं. आत खजुराएवढा काळपट गोळा होता, एका बाजूनं चावलेला.

आर्तिमासनं तिला तो हुंगायला सांगितला. तिनं हुंगला, नखानं उकरला, पुन्हा हुंगला.

अक्रोड, ती म्हणाली. सुकं अंजीर. मीठ. आणि सताप, भरपूर सताप, म्हणून तर इतका उग्र वास. आणखी एक-दोन जिन्नस होते, ते तिला ओळखता येईनात.

"विष?"

"नाही," आफिया म्हणाली. "हा उतारा आहे. विषावरचा. विंचू-साप चावला की आमच्याकडे आया हेच कुटून देतात. पण हा कुणीतरी फार बारकाईनं केलाय."

मेला कशानं, हे तिनं प्रेताकडे बोट दाखवून सांगितलं. ओठ काळे-निळे, अंगाखाली ओकारी, हातापायांची बोटं आखडलेली. बचनाग. लांडगे मारायला ती तो अर्ध्या गावाला विकत होती आणि ते तिनं लपवलं नाही. बचनागानं आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग घास चावता येत नाही, गिळता येत नाही. अंग गार पडत जातं. शुद्ध मात्र शेवटपर्यंत राहते.

आर्तिमास त्या गोळ्यावरच्या दातांच्या खुणांकडे बघत राहिला. चांगल्या ठळक, घट्ट खुणा होत्या. बधिर तोंडानं असा चावा घेता येत नाही.

म्हणजे कोरिसनं उतारा आधी खाल्ला होता आणि विष नंतर. ज्यानं त्याला उतारा दिला, त्याला पुढे काय येणार हे ठाऊक होतं.

३

कोरिसपुढचं फुटकं ताट आदा नावाच्या विधवेच्या घरचं होतं. तिच्या ताटांवर काठाला लाल रेघ असे. गावातलं सर्वांत मोठं घर तिचं, आणि तोंडही तिचंच सर्वांत मोठं.

आर्तिमासला तिनं अंगणातच उभा ठेवला. तिनं आवाज चढवायच्या आधीच त्यानं ताटात काय होतं ते विचारून घेतलं. अंडी, लसूण, छोटी मासळी, चीज, मधाची पोळी. दरवेळचंच. अक्रोड? अक्रोड कोण घालतं देवीला? ताट स्वयंपाकघरात दुपारभर झाकून होतं, संध्याकाळी मोलकरणीनं नेलं. घरात नोकर-चाकर सहा आणि पाहुणा एक.

कोरिसला सहा महिन्यांपूर्वी तिनं चारचौघांत शिव्या दिल्या होत्या हे खरं का, असं त्यानं विचारलं. खरं होतं. मोलकरणीची पाठ वळण्याआधीच तो मेला ताटावर पडला होता, म्हणून ती म्हणाली होती की घशात अडकून मरशील.

"आणि मेला," आदा म्हणाली. "आता मला धरणार का? अरे, तुला काय कळणार घरादारातलं. ना बायको, ना पोर. देवळात दिवे पुसायचे सोडून इथे माझी झडती घेतोस."

आर्तिमासला असलं बोलणं ऐकायची सवय होती. त्यानं मान तुकवली आणि पुढचा प्रश्न विचारला, आणि आदा त्यानंच जास्त चिडली.

तेवढ्यात पाहुणा बाहेर आला. वैद्य फानिआस. चाळिशीतला, सडपातळ, हळू बोलणारा. वर्षभरापूर्वी तो समुद्रापलीकडून आला, आदाच्या मागल्या दोन खोल्यांत राहिला, आणि तेव्हापासून गोरगरिबांना फुकट औषध देत होता. शहरातले मोठे लोकही त्याच्याकडे येत. पूर्वेकडच्या कुठल्याशा राजानं त्याला बोलावणं धाडल्याची बोलवा होती.

त्यानं आदाला शांत केलं. आर्तिमासला बसायला स्वतः चौरंग आणून दिला. कोरिस गेल्याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि ते खोटं दिसत नव्हतं. डोळे लाल होते, रात्रभर न झोपल्यासारखे. आफियाबद्दल तो म्हणाला, की ती बाई निर्दोष असावी, आपण स्वतः तिच्याकडून मुळ्या घेतो. पण लोकांच्या मनात एकदा करणी बसली की वैद्याचं कोण ऐकतं?

"तुम्ही पुजाऱ्यांना सांगा तसं," आर्तिमास म्हणाला.

फानिआसनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

तो निघताना आदानं एक टोमणा मारला. तिवाठ्यावर चार महिने कुत्री मरतायत, तेव्हा नाही आली देवळाला जाग.

आर्तिमास दारातच थांबला. कुत्री?

४

कुत्र्यांचं नानिसला माहीत होतं. ती एका डोळ्यानं आंधळी, कोरिसच्या जोडीनं तिवाठ्यावर बसणारी म्हातारी. गेल्या आठवड्यापासून तापानं फणफणत होती, म्हणून काल ताटावर आली नव्हती. कुंभाराच्या पडवीत गोणपाटावर पडून होती. तिच्या पायाशी एक तांबूस कुत्रं होतं, त्याच्या मागच्या दोन्ही तंगड्या लटपटत होत्या.

कोरिस गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आर्तिमासनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तो बाहेर कुंभाराशी काहीतरी बोलत राहिला आणि तिनं हाक मारल्यावर आत आला.

"काल तिसऱ्या प्रहरी आला होता, बाबा," ती म्हणाली. "म्हणाला, कुणीतरी गोळा दिलाय, ताकदीचा. आदाबाईच्या ताटावर बसायच्या आधी सगळा खायचा म्हणून बजावलंय. कडू लागतो म्हणाला. अर्धा खातो, अर्धा तुला आणतो, तुझा ताप उतरेल."

कुणी दिला, ते तो बोलला नव्हता. देणाऱ्यानंच बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

आर्तिमास गोणपाटाशेजारी खाली बसला. मग त्यानं कुत्र्यांचं विचारलं. पहिलं चार अवसांपूर्वी मेलं, मूर्तीच्या पायथ्याशीच, ताटात तोंड घातल्या घातल्या. लोकांना वाटलं देवीला कुत्रं वाहिलंय कुणीतरी. पण वाहिलेल्या कुत्र्याचा गळा कापलेला असतो, आणि ते काळं असतं. हे पांढरं होतं. दुसरं पुढच्या अवसेला, ते ओढ्यापर्यंत जाऊन पडलं. तिसरं थेट इथवर आलं, कुंभाराच्या भट्टीपाशी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. तिन्ही आदाबाईच्या ताटातलं खाऊन; तिच्या शिव्यांपासून भिकारी त्या ताटाकडे फिरकत नव्हते.

"आणि चौथं?"

नानिसनं पायाशी बोट केलं. "हे काय. हे जगलं. चार दिवस नुसतं थरथरत होतं."

अजून एक प्रश्न त्याच्या मनात सकाळपासून ठुसठुसत होता. थिसोस कोण?

नानिसला माहीत नव्हतं.

"पत्र्यावर कोरिसच्या बापाचं नाव म्हणून तेच लिहिलंय."

"असेल," म्हातारी म्हणाली. "मी तर त्याच्या आईचं नाव जाणते, मेलिती. बाप टाकून गेला होता, त्याचं नाव तो काढायचा नाही. वीस वर्षांत मला सांगितलं नाही. आणि आम्हाला विचारतं कोण, बाबा? एक तो वैद्य तेवढा विचारतो. हिवाळ्यात कोरिसचा पाय चिघळला होता, तेव्हा पाटीवर लिहून घेतलं, नाव काय, बापाचं नाव काय. माझंही लिहिलंय. इतकं बरं वाटलं होतं मला."

५

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. आर्तिमास आधी पहाऱ्याच्या खोलीत आफियाला भेटून आला. करणीच्या पत्र्याबद्दल तिनं एका वाक्यात सांगितलं. बांधायचं असलेल्या माणसाला आईच्या नावानं लिहितात, कारण आईबद्दल शंका नसते. बापाचं नाव घातलेली करणी तिनं उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. ज्यानं कुणी तो पत्रा कोरला, त्याला करणीतलं काही कळत नव्हतं. त्याला नुसतं लिहिता येत होतं.

तिनं विचारलं, उद्या काय होणार? त्यानं खोटा धीर दिला नाही. अजून त्याच्याजवळ पुरतं काही नव्हतं.

फानिआसपाशी येऊन सगळं थांबत होतं आणि तिथे अर्थ लागत नव्हता. आदाच्या ताटात विष घालायला तो घरातच होता. कोरिसच्या बापाचं नाव त्याच्या पाटीवर होतं. पण ज्याचा पाय त्यानं महिनाभर स्वतःच्या हातानं धुतला, त्याला तो का मारेल? आणि मारायचंच, तर आधी उतारा का देईल?

मग तो तिवाठ्यावर गेला. प्रेतावर चटई टाकलेली होती, एक पहारेकरी लांब सावलीत पेंगत होता. आर्तिमास मूर्तीपासून ओढ्यापर्यंत पावलं मोजत चालला. दोनशे दहा. ओढ्यापासून जैतुनाच्या बागेतून कुंभाराच्या भट्टीपर्यंत आणखी सहाशे. भट्टीपाशी येऊन तो एका उलट्या रांजणावर बसला. ते लटपटतं कुत्रं येऊन त्याचा हात हुंगू लागलं.

विष पाजून बघणारा माणूस काय बघतो? किती लवकर मरतं ते. पहिलं कुत्रं तर तिथल्या तिथे गेलं होतं. मारायला शिकायचं असतं तर त्याचं शिकणं त्याच दिवशी संपलं असतं. पण दर महिन्याला कुत्रं आदल्या वेळेपेक्षा लांब जात होतं, जास्त वेळ तगत होतं. चौथं तर मेलंच नाही. विष तेच, ताट तेच, आणि मरण मात्र दर खेपेला उशिरा.

असं करणारा माणूस मारायला शिकत नव्हता. तो वाचवायला शिकत होता.

कुत्र्यानंतर माणूस. आणि एखादा माणूस मेला तर ज्याच्याबद्दल कुणी विचारणार नाही, असा माणूस.

आर्तिमास उठला.  तो खून समजत होता. हे खुनाहून वेगळं काहीतरी होतं, आणि त्याला ते खुनापेक्षा वाईट वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या अंगणात मिरवणूक तयार होती. पुजाऱ्याची मुलगी पांढऱ्या कपड्यांत, किल्ली हातात घेऊन, फिकट चेहऱ्यानं उभी होती. ऊलियादेसनं तिला आत धाडलं आणि दरवाजे लावून घेतले. अंगणात उरले ते शहरातून आलेले सहा वडीलधारे, आदा, फानिआस, हात बांधलेली आफिया, आणि आर्तिमास.

आर्तिमासनं फार थोडक्यात सांगितलं. ताट कुणाचं, पत्र्यावरचं नाव कुणाला माहीत होतं, कुत्री कशी मेली. फानिआसचं नाव त्यानं घेतलं तेव्हा आदा एकदम वळून त्याच्याकडे बघू लागली. फानिआस स्वतः शांत होता. हा सगळा तर्क आहे, तो म्हणाला, आणि तर्क दोन्ही बाजूंनी चालतो. पाटीवरची नावं कुणीही वाचू शकतं. आपल्याला त्या माणसाला मारायचं काही कारण नव्हतं.

"नव्हतंच," आर्तिमास म्हणाला. "तो मरू नये असं तुम्हालाच सगळ्यांत जास्त वाटत होतं."

त्यानं कापडाची पुरचुंडी सोडून चौरंगावर ठेवली. त्यात तो काळपट गोळा होता, चावलेला.

"हा त्याच्या मुठीत होता. अर्धा त्यानं खाल्ला आणि अर्धा नानिससाठी ठेवला. तिला ताप होता म्हणून."

 फानिआस एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक. त्यानं तो गोळा उचलून बोटांत फिरवला, उजेडात धरला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय नव्हतं. रात्रभर दुखणाऱ्या दाताची कळ एकाएकी थांबावी तसा त्याचा चेहरा मोकळा झाला.

"अर्धाच खाल्ला होता?" तो म्हणाला. "म्हणजे मात्रा बरोबर होती."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. आजूबाजूला पाहून त्यानं गोळा हळूच परत ठेवला.

त्यानंतर त्यानं काही नाकारलं नाही. उलट समजावून सांगू लागला, शिष्यांना शिकवावं तसं. त्याचा स्वतःचा गुरू बचनाग लावलेल्या बाणानं गेला, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, बोलत बोलत. तेव्हापासून बारा वर्षं तो या उताऱ्याच्या मागे होता. राजाला पत्र गेलं होतं. हे औषध सिद्ध झालं की किती जीव वाचतील, याची कुणी कल्पना केली आहे का? कोरिस मरायला नको होता. ठरल्याप्रमाणे सगळा गोळा खाल्ला असता तर तो आज तिवाठ्यावर बसलेला दिसला असता. पत्रा आपणच पहाटे फटीत ठेवला, कारण चौकशी आपल्यापर्यंत आली असती तर काम अर्ध्यावर थांबलं असतं. आफियावर बालंट येईल असं वाटलं नव्हतं, आणि आलं तेव्हा काय करावं ते सुचलं नाही.

"तो कुणाचाच नव्हता," शेवटी तो म्हणाला. "म्हणून त्याला निवडला. माझ्या जागी तुम्ही कुणाला निवडलं असतं?"

शहराच्या वडीलधाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, की मुद्दा तोच आहे. खुनाचा दावा नातेवाइकानं लावायचा असतो. मेलेल्याला नातेवाईक नाही. वैद्य मोठा माणूस आहे, राजाशी संबंध येतो. जागा धुऊन पुढे जावं हे बरं. ऊलियादेसच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

आर्तिमास त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मालक, वीस वर्षं तो देवीच्या पानावर जेवला. जो आपल्या घरी जेवतो तो आपला पाहुणा. त्याला तिच्या दारात, तिच्या ताटातून विष घातलं. त्याचं नातं तिच्याशी लागतं, आणि तिच्या वतीनं बोलायचं काम या वर्षी तुमचं आहे. तुमची मुलगी थोड्या वेळानं तिथूनच जाणार आहे."

पुजाऱ्यानं बंद दाराकडे पाहिलं. मग त्यानं फानिआसला विचारलं, औषध खरंच चालतं का?

चालतं, फानिआस म्हणाला.

"ठीक. खोलीत तुमच्याकडे विष आहे, उताराही असेल. इथे आणवतो. तुम्ही दोन्ही घ्या. जगलात तर कोरिसचं मरण अपघात म्हणू, आणि औषधाची साक्ष मी स्वतः राजाला लिहीन."

बरण्या आल्या. आफियानं बांधल्या हातांनीच मुळी हुंगून ओळखली. पूर्ण गोळा एका वाटीत, विष दुसऱ्या. फानिआसनं गोळा उचलला आणि सगळा खाल्ला, सावकाश, नीट चावून. मग दुसरी वाटी हातात घेतली. ती ओठांपर्यंत गेली. तिथे थांबली.  अंगणाच्या भिंतीवर एक कवडा घुमत होता, तो उडून गेला, तरी वाटी तिथेच.

त्यानं ती खाली ठेवली.

"आधी अजून एकदा कुत्र्यावर बघायला हवं," तो म्हणाला.

 आदा तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली. ऊलियादेसनं पहारेकऱ्यांना खूण केली, आणि त्यांनी आफियाच्या हाताची दोरी सोडून फानिआसच्या हातांना बांधली. निकाल शहराच्या सभेत व्हायचा होता. पण तो काय असणार, हे अंगणातल्या सगळ्यांना त्या वाटीनं सांगून टाकलं होतं.

७

वैद्याच्या खोलीतून बरण्यांबरोबर मेणाच्या पाट्याही आल्या होत्या. पहारेकरी घेऊन जात असताना फानिआसनं आर्तिमासला विनवलं, त्या पाट्या जाळू नका. मी राहिलो नाही तरी पुढे कुणीतरी काम पुरं करील. विनंती मनापासून होती.

दरवाजे उघडून मिरवणुकीची जुळवाजुळव चालली होती तेवढ्या वेळात आर्तिमास देवळाच्या पायरीवर बसून त्या वाचू लागला. सुंदर, सारखं अक्षर. पांढरं कुत्रं, तांबूस कुत्रं, किती घास, किती पावलं, किती वेळ. शेवटच्या पाटीवर: कोरिस, थिसोसचा मुलगा, वय साठच्या पुढे. ओठ बधिर झाल्याचं सांगतो. पाय गार. ओकारी तीनदा. शुद्ध चांगली. मला ओळखतो. आणि खाली, तितक्याच नेटक्या अक्षरात: पाणी मागतो. औषधाच्या गुणात घोळ होऊ नये म्हणून दिलं नाही.

आर्तिमासनं ती ओळ दोनदा वाचली. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की कोरिस एकटाच मेला.

ऊलियादेसची हाक आली. मुलगी किल्ली घेऊन दारात उभी होती, तिच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती आणि पेटी आर्तिमासची वाट बघत होती. आर्तिमास उठला, पुजाऱ्याजवळ गेला आणि म्हणाला, या वर्षी पेटी दुसऱ्या कुणाला द्या.

"तिवाठ्यावरून आधी प्रेत हलवायला हवं, मालक. ते कुणीतरी धुवायला हवं. माणसं त्याला हात लावणार नाहीत."

"तू शिवलास तर महिनाभर देवळात पाय ठेवता येणार नाही," ऊलियादेस म्हणाला. आणि मग, खालच्या आवाजात, "मी तुला थांबवत नाही."

आफिया त्याच्याबरोबर आली. दोघांनी कोरिसला चटईत उचलून ओढ्याकाठी आणला, तेव्हा तो किती हलका आहे याचं आर्तिमासला आश्चर्य वाटलं. कुंभारानं न मागता एक नवा घडा दिला. मिरवणुकीतल्या पोरींचं गाणं देवळाकडून तिवाठ्याच्या दिशेनं सरकत येत होतं, अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ते इतक्या लांबून ऐकलं. चाल त्याला वाटायची त्याहून संथ होती.

आफिया पाय धुवायला बसली. आर्तिमासनं घडा ओढ्यात बुडवून भरला, कोरिसचं डोकं मांडीवर घेतलं, त्याचे काळवंडलेले ओठ बोटानं विलग केले आणि पहिलं पाणी तिथे सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून वाहून खाली मातीत गेलं. त्यानं पुन्हा ओंजळ भरली.